धुळीपासून लांब

अंकुश खिल्लारे हा आमचा भाडेकरू. करावे गावात आमची तीन मजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे जिन्याला लागून लांबट ओटा, एवढी त्याची जागा. भाडं तो आख्ख्या जागेचं द्यायचा आणि राहायचा फक्त ओट्यावर. जेवण ओट्यावर, झोप ओट्यावर, घरात पाहुणे आले तरी हा आपला ओट्यावर. नवीन माणसाला वाटायचं की नवरा-बायकोचं बिनसलंय. तसं काहीच नव्हतं. त्याचं आणि राजश्रीचं छान जमायचं; ती उंबऱ्याच्या आत, तो बाहेर, असं बसून दोघं भाजी निवडत गप्पा मारायची. तो आत जायचा नाही तो एकाच माणसासाठी, आणि ते माणूस म्हणजे त्याची मुलगी, संघप्रिया.

मी वरच्या मजल्यावर राहते. माझ्या सासूबाई, गोजराबाई, दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतात. त्या वरून ओरडायच्या, "आरं अंकुस, तू भारेकरी हायेस का राखनदार?" तो मान वर करून हसायचा आणि म्हणायचा, "राखनदारच समजा, आजी." सासूबाईंना ते उत्तर आवडायचं. मला त्या हसण्याचा राग यायचा. माणसाने स्वतःवर अन्याय करावा आणि वर हसावं, हे मला आजही पटत नाही.

अंकुश परभणीकडचा. गावाकडे आई केशरबाई, इकडे तो आणि राजश्री. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर रिकामे करायचं एक यार्ड आहे, तिथे तो फोर्कलिफ्ट चालवतो. कंटेनर उघडला की आत दोन-चार गोण्या फुटलेल्या असायच्याच. कधी चिनी माती, कधी सोडा, कधी पिवळं गंधक. संध्याकाळी कंपनीची बस त्याला उरण फाट्यावर सोडायची आणि तो गल्लीत शिरला की आज काय माल उतरला ते त्याच्या भुवयांवरून कळायचं. पांढऱ्या भुवया दिसल्या की राजश्री म्हणायची, "आलं बाई आमचं म्हातारं." संघप्रिया तेव्हा नुकती धावायला लागली होती. ती सुसाट जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायची, आणि तो तिला तसाच उचलून खांद्यावर घ्यायचा. पोरीचं नाक, गाल, फ्रॉक सगळं पांढरं व्हायचं. राजश्री ओरडायची आणि बापलेक हसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. नाहीतर नंतरच्या अंकुशला ज्यांनी पाहिलं, त्यांचा यावर विश्वास बसणार नाही.

चार वर्षांची झाली आणि संघप्रियाला त्रास सुरू झाला. आधी नुसत्या शिंका. सकाळी उठल्याबरोबर नाक वाहायचं, डोळे चोळून चोळून लाल व्हायचे. मग एका दुपारी तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला आणि पोरीला धड बोलता येईना. राजश्रीने तिला उचललं, मी रिक्षा थांबवली, आणि आम्ही नेरूळला एका दवाखान्यात गेलो. अंकुशला फोन केला तसा तो यार्डातून थेट तिथेच आला. कपडे बदलायचं भान कुणाला असतं?

डॉक्टरांनी वाफ दिली. पोरीचा श्वास जरा मोकळा झाला. मग ते म्हणाले, "हिला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. धुळीपासून लांब ठेवा."

म्हणताना त्यांनी अंकुशकडे पाहिलं. एवढंच झालं. ते समोरच्या कागदाकडे बघून बोलले असते, किंवा माझ्याकडे बघून, तर पुढची सगळी वर्षं वेगळी गेली असती असं मला वाटतं. पण केबिनमध्ये डोक्यापासून बुटापर्यंत पांढराफटक माणूस उभा असताना धूळ म्हटल्यावर कुणाचीही नजर तिकडेच जाणार. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर रांग लागली होती आणि त्यांनी जे सांगितलं ते खोटंही नव्हतं. कुठली धूळ, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. अंकुश हळूच मागे सरकला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पहिल्यांदा त्याने जे केलं ते शहाणपणाचंच होतं. जिन्याखाली नळाला पाइप लावून तो तिथेच आंघोळ करायला लागला. यार्डाचे कपडे वेगळ्या बादलीत, बूट पायरीखाली. राजश्रीलाही ते पटलं होतं. कुठल्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं. पण थांबायचं कुठे, ते अंकुशला कळलं नाही. आंघोळ झाली तरी त्याला वाटायचं, केसांत राहिली असेल. मग त्याने केस बारीक भादरले. मग वाटलं, कानात असेल, नखांत असेल. पोरीला उचलून घेणं बंद झालं. मग तो ताट घेऊन ओट्यावर बसायला लागला. मग त्याने अंथरूण बाहेर आणलं.

मी एकदा त्याला चांगलं झापलं. म्हटलं, "अहो अंकुशभाऊ, तुम्ही काय गंधकाची गोणी आहात का? स्वच्छ आंघोळ करून आलेला माणूस घरात गेला तर काय होतंय?"

तो शांतपणे म्हणाला, "वैनी, डाक्टर काय म्हनले? धुळीपासून लांब. आता आमच्या घरात धूळ कोन आनतंय? मीच की. मंग धूळ म्हंजे मीच झालो ना."

त्याच्या हिशेबात चूक कुठे होती, ते मला तेव्हा दाखवता आलं नाही.

आणि दुर्दैव असं, की त्याचा इलाज लागू पडल्यासारखा वाटला. पावसाळ्याच्या शेवटी पोरीचा खोकला फार वाढला म्हणून तो बाहेर झोपायला लागला, आणि दसऱ्यानंतर ती खरंच सुधारली. चांगली दिवाळी पार पडेपर्यंत छाती मोकळी. राजश्री आनंदली, अंकुश तर काय, त्याला उपायच सापडला. पुढच्या पावसाळ्यात पोरगी पुन्हा बिघडली, तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सोडली. सकाळी तिला शाळेच्या गेटापर्यंत पोचवायचा, ते बंद केलं. पुन्हा दसऱ्यानंतर तिला बरं वाटलं. मग काय, दरवर्षी हेच. पाऊस संपत आला, पोरगी धापा टाकायला लागली, की हा आणखी एक पाऊल मागे जायचा आणि दसरा झाला की ते पाऊल बरोबर होतं असं ठरायचं. शेवटी त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. ती शाळेत असताना तो ओट्यावर झोपायचा, ती घरी यायच्या सुमाराला हा जायच्या तयारीला लागायचा.

सगळा राग बाहेरच्या धुळीवर. खोलीची रस्त्याकडची खिडकी त्याने चिकटपट्टी लावून बंद करून टाकली. समोर इमारतीचं काम निघालं तर म्हणाला, "बघा, ही बी धूळ आता घरात शिरनार." त्या बंद खोलीत खाडीची दमट हवा कोंडून राहायची, भिंतीला पावसाळ्यात ओल धरायची. राजश्री बिचारी दिवसातून तीनदा केरसुणीने घर झाडायची. झाडताना खाली बसलेलं सगळं वर उडायचं आणि पोरगी शिंकायची. शिंकली की राजश्री पुन्हा झाडायची.

मुलीला जमिनीवरची धूळ लागू नये म्हणून अंकुशने तिच्यासाठी कापसाची जाडजूड गादी भरून घेतली होती. पांघरायला एक वाकळ होती. वाकळ म्हणजे गोधडीच, त्यांच्याकडे तिला वाकळ म्हणतात. ती केशरबाईंनी गावाकडे शिवून पाठवली होती, अंकुशच्या जुन्या शर्टांची. लग्नाआधीचे, यार्डाचं नावही माहीत नव्हतं तेव्हाचे ते शर्ट. निळा चौकड्यांचा, बदामी, एक बारीक लाल रेघांचा. ते यार्डाच्या आधीचे म्हणूनच अंकुशने त्यांना घरात येऊ दिलं. केशरबाई नंतर गेल्या. वाकळ राहिली.

संघप्रिया ती वाकळ ओढत ओढत दाराजवळ यायची आणि उंबऱ्याला डोकं लावून झोपायची. पलीकडे बाप. तो तिकडून म्हणायचा, "आत सरक, बाळ." ती थोडी सरकायची. तो पुन्हा म्हणायचा. असं करत ती खोलीच्या मध्यापर्यंत जायची आणि मग दिवा बंद व्हायचा. पुढे पुढे ती दाराजवळ यायचीच बंद झाली.

दहाएक वर्षांची असताना ती माझ्याकडे गणित करायला बसली होती. मधेच म्हणाली, "काकी, पप्पांना मी आवडत नाही ना?"

मी म्हटलं, "असं कोण म्हणालं? तुझ्या तब्येतीसाठी ते लांब राहतात."

तिने जरा विचार केला. "म्हणजे मला खोकला आहे म्हणून आवडत नाही."

मी त्याच संध्याकाळी खाली गेले आणि अंकुशला ते शब्दन्‌शब्द ऐकवले. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधायचा थांबला. मग म्हणाला, "तिला राग आला तर येऊ द्या, वैनी. राग आला तरी चालंल, पन जित्ती ऱ्हायला पायजे." आणि बसला जाऊन बसमध्ये. बाकी कशातही हा माणूस हट्टी नव्हता. एवढ्या एका गोष्टीत मात्र हत्तीचं बळ.

संघप्रिया मोठी झाली. हुशार निघाली. शाळेत तिला बक्षीस मिळालं तेव्हा राजश्री पुढच्या रांगेत बसली होती आणि अंकुश बाहेर, गेटापाशी. तिने स्टेजवरून शोधलं का ते मला माहीत नाही. ती कधी बोलली नाही. बापाशी तिचं भांडण असं कधीच झालं नाही. भांडायला माणूस समोर असावा लागतो. ती त्याच्याशी नीट बोलायची, नम्रपणे, आपण बँकेतल्या साहेबाशी बोलतो ना, तशी.

गेल्या वर्षी ती खारघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेच्या तोंडावर तिला असा दम लागला की मैत्रिणींनीच सांगितलं, नुसत्या गोळ्या किती वर्षं खाणार, नीट तपासणी कर. तिथल्याच एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता तिने काढला. राजश्री एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती, तिला सुट्टी मिळेना. म्हणून मी निघाले. आणि आश्चर्य म्हणजे अंकुशही निघाला. इस्त्रीचा शर्ट, डोकं ओलं. रिक्षात त्याने मला मध्ये बसवलं.

त्या बाईंनी संघप्रियाच्या हातावर ओळीने निरनिराळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब टाकले आणि प्रत्येकावर बारीक सुई टोचली. थोडा वेळ थांबायला सांगितलं. अंकुश बाहेर कॉरिडॉरमध्ये, भिंतीला पाठ लावून. बाकी थेंब होते तसेच राहिले, पण एका ठिकाणी हाताला ही मोठी गांधी उठली.

"झोपतेस कशावर?" बाईंनी विचारलं.

"गादीवर. कापसाच्या."

"आणि पांघरूण?"

"वाकळ आहे. म्हणजे गोधडी."

"किती दिवसांनी धुता?"

संघप्रियाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दसऱ्याला."

हे म्हणताना माझंच मला ऐकू आलं. मराठवाड्यातली जुनी रीत आहे, दसऱ्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण काढून धुवायचं. गावाकडे त्यासाठी बाया नदीवर जायच्या. राजश्री ती रीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या नावाने इकडेही पाळते. वाकळ उकळत्या पाण्यात भिजवायची, गादी आमच्या गच्चीवर नेऊन आठवडाभर कडक उन्हात टाकायची. दरवर्षी. आणि दरवर्षी दसऱ्यानंतर पोरगी बरी व्हायची. आम्ही श्रेय कुणाला देत होतो, तर ओट्यावर झोपणाऱ्या बापाला.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन जगतात, आणि गादी, उशी, गोधडी, पडदे ही त्यांची घरं. खाडीकाठच्या दमट हवेत ते भरभरून वाढतात. हातावर गांधी उठली ती त्यांच्याच थेंबाला; संघप्रियाला त्रास होता तो त्यांचा. मग त्यांनी अंकुशला आत बोलावलं आणि त्याला पुन्हा सगळं सांगितलं. पांघरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. गादीला पूर्ण बंद होणारी खोळ घाला. केरसुणीने उडवत झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, पंख्याची पातीसुद्धा. खिडकी उघडा, ओल धरू देऊ नका. तो मान हलवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "आन् मॅडम, यार्डातली धूळ?"

"ती कुणाच्याही नाकाला झोंबते. आंघोळ करून कपडे बदलले की झालं."

"म्हंजे आंघोळीनंतर तिच्याजवळ बसलं तर चालतंय?"

बाईंना प्रश्नच समजला नाही. "न चालायला काय झालं? वडील ना तुम्ही?"

संघप्रिया त्याच्याकडे बघत होती. एवढी वर्षं तो लांब का राहिला ते तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ते खरं वाटणं वेगळं. त्या क्षणी तिला ते पहिल्यांदा खरं वाटलं असावं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की त्याची काही गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणून जातो. तो संन्यासी समोर उभा असला की ते म्हणवत नाही.

परत येताना रिक्षात मी मुद्दाम कडेला बसले. अंकुश मध्ये बसला, अंग चोरून, हात मांडीखाली घेऊन. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "वैनी, चोर घरातच व्हता बघा." त्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं, पण आवाजात एक उत्साहही होता. मला वाटलं, चला, आता सगळं मार्गी लागेल.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी घेतली. राजश्री कामावर, संघप्रिया कॉलेजात, मी सीवूड्सला बाजाराला गेलेले. इतक्या वर्षांनी तो माणूस स्वतःच्या घरात शिरला आणि कंबर कसून कामाला लागला. खिडकीची चिकटपट्टी खरवडून काढली. पडदे उतरवून भिजवले. पंखा पुसला, कपाटामागची ओल पुसली, फरशी दोनदा पुसली. गादी उन्हात टाकली, तिला घालायला खोळ विकत आणली. मी परतले तेव्हा घर कसं लख्ख दिसत होतं, आणि तो ओट्यावर घामाने निथळत बसला होता. लग्नातल्या फोटोत असावा तसा चेहरा. सासूबाई वरून म्हणाल्या, "आज राखनदार घरान गेला गो." तो मोठ्याने हसला.

संघप्रिया संध्याकाळी आली. दारातच थांबली. उघडी खिडकी, पुसलेली फरशी, नवी चादर. "पप्पा, तुम्ही केलंत हे सगळं?" असं म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. ती आत गेली. मग आतून आवाज आला, "माझी वाकळ कुठेय?"

"दिली टाकून," अंकुश अभिमानाने म्हणाला. "सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत. किडं असलेली चीज घरात कशाला ठिवायची? नवी रजई आनली बघ, मशीनमधी धुता येती."

ती बाहेर आली. "डॉक्टरांनी धुवायला सांगितलं होतं, पप्पा. टाकायला नव्हतं सांगितलं."

"अगं धुवून काय ऱ्हातंय? जुनीच झाल्ती. पार विटली व्हती सगळी."

"ती तुमच्या शर्टांची होती."

"व्हय, माझेच. जुने शर्ट गं. त्याचं काय?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मी जिन्यात उभी होते. मला कळत होतं आणि मधे पडायची हिंमत होत नव्हती.

संघप्रिया उंबऱ्यावर बसली. रडली नाही. एखादी जुनी गंमत सांगावी तशा सुरात सांगायला लागली. "तो निळा चौकड्यांचा तुकडा होता ना, तो मी तोंडाजवळ घ्यायची. बदामी पोटावर. तुम्ही बाहेर असायचात, जवळ येऊ द्यायचा नाहीत. मग मी म्हणायची, हे पप्पा. रोज. मोठी झाल्यावरपण. कॉलेजात गेले तरी. मला खोकला त्याच्यामुळेच यायचा, हे काल कळलं. चालेल ना. धुतली असती मी, दर आठवड्याला धुतली असती. पण मला विचारायचं तरी, पप्पा. माझ्याकडे तुमचं तेवढंच होतं."

अंकुशचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आयुष्यभर ज्या पोरीसाठी त्याने स्वतःला घराबाहेर काढलं, तिने त्याला चोरून आत नेऊन ठेवलं होतं. आणि ज्या दिवशी त्याला आत यायची परवानगी मिळाली, त्याच दिवशी त्याने तो आतला बाप कचऱ्याच्या गाडीत टाकला. हे त्याला आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत कळत होतं. मला त्या वेळी त्याचा राग आला नाही. मला त्या माणसाची फार कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तुर्भ्याला जाऊन आला, जिथे आपला कचरा जातो तिथे. फाटकावर कुणी आत सोडलं नाही. सोडलं असतं तरी त्या डोंगरात काय सापडणार होतं?

याला आता वर्ष होत आलं. औषध आणि दर रविवारची धुलाई यांनी संघप्रियाची छाती मोकळी झाली. गेला पावसाळा तिने इनहेलरचा एकही फवारा न घेता काढला. डॉक्टरीणबाई खूश आहेत. तिला पुण्यात नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात जायचंय. अंकुशने दिवसपाळी मागून घेतली. संध्याकाळी येतो, आंघोळ करतो, आणि सरळ आत जाऊन तिच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. तीही त्याला ये म्हणते, चहा देते. कुणाच्या मनात काही अढी उरलेली नाही. मी हे खात्रीने सांगते, कारण असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. अढी काढता येते.

परवा मी राजश्रीचा डबा परत द्यायला खाली गेले. बापलेक आत बसली होती. ती लॅपटॉपवर काही करत होती. तो तिच्याकडे बघत होता, मग पंख्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"खोकला?" त्याने विचारलं.

"नाही, पप्पा."

"रातीला?"

"रात्रीपण नाही. मस्त झोपते मी आता."

"बरं," तो म्हणाला. तिने हसून त्याच्याकडे पाहिलं, त्याने हसून मान हलवली. ती पुन्हा कामाला लागली. तो आणखी थोडा बसला, उठला, आणि बाहेर ओट्यावर माझ्याजवळ आला.

"पोरगी बरी झाली, वैनी," तो हळू आवाजात म्हणाला. "आता काय इचारू तिला?"